शेवटचा डोस कधी घेतलात? औषधचाचण्यांतले स्वयंसेवक आणि ओळखीची पडताळणी

निरगाठ (धागाकर्ती)

मी नऊ वर्षं औषधचाचण्या करणाऱ्या एका केंद्रात को-ऑर्डिनेटर होते. निरोगी स्वयंसेवकांना औषध द्यायचं, ठरलेल्या वेळी रक्त घ्यायचं आणि औषध शरीरात किती पोहोचतं, किती वेळ टिकतं ते मोजायचं, असं आमचं काम. हा धागा त्यातल्या एका सकाळीमुळे काढतेय. ती सकाळ माझ्या डोक्यातून जात नाही.

स्क्रीनिंगला, म्हणजे चाचणीत घेण्याआधीच्या तपासणीला, तिशीतला एक माणूस आला होता. फॉर्म नीट भरलेला, ओळखपत्र हातात. 'गेल्या तीन महिन्यांत दुसऱ्या कुठल्या चाचणीत भाग घेतला आहे का?' यापुढे 'नाही'वर खूण. सिस्टरनी रक्तासाठी बाही वर करायला सांगितली. उजव्या कोपराच्या खळगीत पिवळट-हिरवा डाग होता आणि त्याच्या मधोमध सुकलेली बारीक खपली. डाव्या हातावर चौकोनी जागा अगदी गुळगुळीत, तिथले केस गेलेले. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको. कॅन्युलावरची (रक्त घ्यायला शिरेत ठेवतात त्या नळीवरची) चिकटपट्टी दिवसदिवस ठेवून मग ओढून काढली की असा चौकोन राहतो. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्याने बाही खाली ओढली.

बारा दिवसांपूर्वी तो दुसऱ्या केंद्रातून बाहेर पडला होता. ओळखपत्रही त्याचं नव्हतं, भावाचं होतं. चेहरे इतके सारखे की दारावर कुणाला शंका आली नाही.

आम्ही त्याला परत पाठवलं. खोटी माहिती दिली म्हणून स्क्रीनिंगचा भत्ताही दिला नाही. आधी कुठलं औषध घेतलं होतंस, हे कुणी विचारलं नाही. त्याचं हिमोग्लोबिन तपासलं नाही, कारण आता तो 'आमचा' स्वयंसेवक नव्हता. नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं. पण ज्या कारणासाठी नियम केलाय ते कारण, म्हणजे त्या माणसाची प्रकृती, कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही.

बाहेरच्यांना हा प्रश्न फसवणुकीचा वाटतो: कुणीतरी पैशांसाठी दोनदा नाव नोंदवतो, त्याला पकडायचं. मला तो तसा वाटत नाही. दोन चाचण्यांमध्ये ठरावीक दिवस जाऊ देतात. आम्ही त्याला वॉशआउट म्हणायचो. बऱ्याच ठिकाणी निदान ३० दिवस किंवा औषधाची पाच अर्धायुष्यं, यातलं जे जास्त असेल ते. काही ठिकाणी सरसकट तीन महिने. अर्धायुष्य म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ. पाच वेळा निम्मं झालं की सुमारे ३ टक्के उरतं. गोळी सहा तासांत निम्मी होणारी असेल तर दीड दिवसात विषय संपला. पण प्रतिपिंडांची औषधं असतात, त्यातल्या अनेकांचं अर्धायुष्य तीन आठवड्यांच्या आसपास. पाच वेळा म्हणजे साडेतीन महिने. त्या माणसाने आधी कुठलं घेतलं होतं?

तर माझं म्हणणं एवढंच की ओळख तपासायलाच हवी, आणि नीट तपासायला हवी, पण ती स्वयंसेवकाच्या अंगाने विचार करून. तुम्ही यात कुठल्याही बाजूने असाल, स्वयंसेवक, डॉक्टर, एथिक्स कमिटीवर (चाचणी सुरू होण्याआधी ती योग्य आहे का हे तपासणारी समिती), संगणकवाले, तर कृपया लिहा.

नाडीपरीक्षा

महत्त्वाचा धागा. एक जुनी घटना सांगतो, कारण 'आम्ही विचारलं, तो नाही म्हणाला' यावर विसंबून काय होतं ते तिच्यातून कळतं.

१९८४, डब्लिन. हृदयाचे ठोके नियमित करणाऱ्या एका नव्या औषधाची निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी चालू होती. औषध दिल्यावर एक तरुण दगावला. नंतर कळलं की आदल्याच दिवशी त्याला मानसिक आजारासाठी डेपो इंजेक्शन दिलं होतं, म्हणजे स्नायूत देतात आणि मग आठवडेच्या आठवडे हळूहळू रक्तात उतरत राहतं तसलं. चाचणी करणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. या प्रकरणानंतर आयर्लंडमध्ये चाचण्यांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला, १९८७ मध्ये.

इथे दुसरी चाचणी नव्हती, उपचार होते. पण मुद्दा तोच आहे. दोन औषधं एकाच शरीरात, आणि त्यातलं एक डॉक्टरला माहीत नाही. चाचणीतलं औषध तर आणखी अवघड, कारण ते कशाशी कसं वागतं हे अजून कुणालाच पुरतं माहीत नसतं.

सहज विचारलं

लंडनमध्ये २००६ साली सहा जण एकदम गंभीर झाले होते ना? तेही असंच दोन चाचण्यांमुळे का?

नाडीपरीक्षा

नाही, तिथे गल्लत नको. मार्च २००६ मध्ये नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातल्या केंद्रात टीजीएन १४१२ नावाचं प्रतिपिंड सहा जणांना दिलं गेलं. औषधानेच त्यांची प्रतिकारयंत्रणा भडकली, अनेक अवयव निकामी होऊ लागले. सहाही जण वाचले. स्वयंसेवकांचा त्यात काडीइतका दोष नव्हता. ठरल्याप्रमाणे आले, ठरल्याप्रमाणे डोस घेतला.

पण त्या रात्रीच्या डॉक्टरांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर एकामागून एक माणसं कोसळतायत आणि कारण शोधायचंय. यांच्या शरीरात दुसरं काहीच नाही, एवढी एक खात्री तरी हाताशी हवी. ती खात्री ओळखपडताळणीतून येते.

आकडेमोड

निरगाठताई, सुरक्षेबद्दल तुम्ही लिहिलंतच, मी आकड्यांच्या बाजूने थोडं लिहिते. हे नुकसान दिसत नाही म्हणून जास्त वाईट.

बायोइक्विव्हॅलन्सची चाचणी घ्या. मूळ औषध आणि त्याची जेनेरिक आवृत्ती शरीरात सारखीच पोहोचते का, एवढंच बघायचं. साधारण दोन-तीन डझन स्वयंसेवक. प्रत्येकाला एकदा हे औषध, मधे वॉशआउट, मग ते. दोन्ही औषधांच्या सरासरींच्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वासांतराल, म्हणजे खरं गुणोत्तर ज्या पट्ट्यात असावं असा अंदाज असतो तो पट्टा, ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसला की पास.

आता समजा त्यातला एक जण नुकताच दुसऱ्या चाचणीतून आलाय, आणि तिथे त्याला रिफाम्पिसिन दिलं होतं. (औषधं एकमेकांवर काय परिणाम करतात हे बघायच्या चाचण्यांमध्ये ते बऱ्याचदा वापरतात.) रिफाम्पिसिनमुळे यकृतातली विकरं (एन्झाइम्स) वाढतात आणि इतर कित्येक औषधं झपाट्याने मोडली जातात. औषध थांबवल्यावर हा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे पहिल्या फेरीत याच्या रक्तात औषध कमी दिसणार, दुसऱ्या फेरीत यकृत पूर्ववत झाल्यामुळे जास्त. फरक त्याच्या यकृताचा, आणि श्रेय किंवा दोष जाणार गोळीला. प्रत्येक माणूस स्वतःशीच ताडून बघायचा, हीच या पद्धतीची ताकद. तीच इथे उलटते. चोवीस जणांत असा एक निघाला तरी अंतराल रुंदावतो, आणि चांगलं औषध नापास होऊ शकतं. किंवा नको ते पास.

रुग्णांवरच्या चाचण्यांत आणखी वेगळं. नैराश्याच्या चाचणीत एकच माणूस एकाच चाचणीच्या दोन केंद्रांत नाव घालतो. इथे औषध, तिथे प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी. हिशोबात ती दोन स्वतंत्र माणसं. आत शिरण्यासाठी लक्षणं वाढवून सांगितलेली असतात, आत आल्यावर ती वाढवून सांगायची गरज संपते, त्यामुळे दोन्हीकडे 'सुधारणा' दिसते. औषध आणि प्लासिबो यांतला फरक पुसला जातो. उपयोगी औषध अशाने मागे पडलं तर त्याची किंमत कधीच न भेटलेल्या रुग्णाला मोजावी लागते.

रात्रपाळी

खूप दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो. मी स्वतः स्वयंसेवक होतो. चार वर्षं. अकरा चाचण्या.

आणि हो, त्यातल्या दोन एकमेकांवर चढल्या होत्या. एक संपल्यावर ९० दिवस थांबायचं होतं, मी ३४ दिवस थांबलो. कारण सांगून सहानुभूती मिळवायची नाही, पण ते सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. भाडं थकलं होतं, रात्रपाळीचं काम सुटलं होतं. चाचणीचं मानधन एकरकमी मिळतं. दुसरं एकरकमी काहीच मिळत नव्हतं.

तुमच्या त्या माणसाच्या हाताचं वर्णन वाचून मी माझा हात बघितला. आम्ही काय काय करायचो सांगतो. डाग जायला मलम लावायचो. दुसऱ्या हाताची शीर पुढे करायचो. रक्त पातळ येऊ नये म्हणून आधीचे आठ-दहा दिवस लोहाच्या गोळ्या. एकमेकांना सांगायचो की अमुक केंद्र फोटो काढतं, तमुक फक्त कार्ड बघतं. कुणाला फसवतोय असं तेव्हा मनातही यायचं नाही. अडथळ्यांच्या शर्यतीसारखं वाटायचं.

त्या दुसऱ्या चाचणीत चौथ्या दिवशी मला घेरी आली. ती का आली हे डॉक्टर बिचारे शोधत बसले. ईसीजी, साखर, पुन्हा रक्त. मला कारण माहीत होतं आणि मी गप्प बसलो, कारण बोललो असतो तर पैसे गेले असते. ती घेरी त्या औषधाच्या नावावर दुष्परिणाम म्हणून नोंदली गेली. आकडेमोड, तुमचा प्रतिसाद वाचताना मला तीच आठवत होती.

आकडेमोड

रात्रपाळी, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. असं कुणी सांगत नाही.

तुम्ही एकटे नाही आहात हेही सांगते. अमेरिकेत वारंवार चाचण्यांमध्ये भाग घेणाऱ्या १०० जणांना विचारून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन चतुर्थांश लोकांनी कबूल केलं की चाचणीतून वगळलं जाऊ नये म्हणून कधी ना कधी आरोग्याची काहीतरी माहिती लपवली. ३२ टक्क्यांनी आजार लपवले, २८ टक्क्यांनी चालू असलेली औषधं. १४ टक्क्यांनी नसलेला आजार असल्याचं सांगितलं. ही वारंवार येणाऱ्यांची निवडक मंडळी, सगळ्या स्वयंसेवकांना हे प्रमाण लावता येणार नाही. तरी फॉर्मवरच्या 'नाही'वर किती विसंबायचं ते यातून कळतं.

तिसरी घंटा

एका एथिक्स कमिटीवर मी सामान्य नागरिक म्हणून बसते. डॉक्टर नाही, वकील नाही. माझं काम प्रश्न विचारण्याचं, तेच इथे करते. यावर देशांनी काय उपाय केलेत? प्रत्येक केंद्र आपापल्या दारावर कार्ड बघत बसलं तर शेजारच्या केंद्रातून आलेला माणूस कसा कळणार?

निरगाठ

तिसरी घंटा, नेमका प्रश्न. केंद्रांना एकमेकांशी बोलता आलं नाही तर दारावरची तपासणी कितीही कडक असो, अर्धीच राहते.

फ्रान्सने हे फार आधी ओळखलं. २० डिसेंबर १९८८ च्या त्यांच्या कायद्यात निरोगी स्वयंसेवकांची राष्ट्रीय नोंदवही आली आणि वर्षभरात एकूण किती मानधन घेता येईल यावर मर्यादाही आली. मला यातलं दुसरं कलम विशेष वाटतं. माणूस परत परत का येतो याचा विचार त्यामागे दिसतो.

ब्रिटनमध्ये टॉप्स (द ओव्हर-व्हॉलंटिअरिंग प्रिव्हेन्शन सिस्टिम) नावाची नोंदवही आहे. २००२ मध्ये चाचण्या करणाऱ्यांनीच पुढाकार घेऊन ती उभी केली, २०१३ पासून तिथलं हेल्थ रिसर्च ऑथॉरिटी ती चालवतं. स्वयंसेवकाचा राष्ट्रीय विमा क्रमांक घालायचा. तो नसेल तर पासपोर्टचा क्रमांक आणि देश. सोबत शेवटच्या डोसची तारीख. नवीन केंद्राने तोच क्रमांक टाकला की आधीची नोंद समोर येते. अमेरिकेत मात्र सक्तीची राष्ट्रीय नोंदवही नाही. खाजगी नोंदवह्या आहेत, काही बोटांचे ठसेही वापरतात, पण जे केंद्र ज्या नोंदवहीचं सदस्य तिच्यातलंच त्याला दिसतं.

टॉप्सचा मला आवडणारा भाग म्हणजे ती 'शेवटच्या डोसची तारीख'. सहीची नाही, दाखल झाल्याची नाही, चाचणी संपल्याची नाही. शरीराच्या दृष्टीने तीच खरी तारीख.

आणि इथेच कामातली एक साधी चूक फार महागात पडते. माणूस स्क्रीनिंग पास झाला, नोंदवहीत नाव गेलं, पण डोसच्या दिवशी सर्दी झाली म्हणून किंवा राखीव होता म्हणून घरी पाठवला. नोंदीत 'डोस दिला नाही' असं कुणी लिहिलंच नाही, तर तो पुढचे तीन महिने विनाकारण अडकतो. उलटही होतं: डोस दिला पण तारीख भरायची राहून गेली, मग पुढच्या केंद्राला काय कळणार? आमच्याकडे ही नोंद रात्रीच्या पाळीवरचा माणूस करायचा, आणि रात्री दोन वाजता तारीख आजची की कालची यावर दोन माणसांचं एकमत नसायचं. शेवटी डोस देणारी सिस्टरच डोसची वेळ लिहिताना तिथल्या तिथे नोंद करेल असं ठरवलं. त्यानंतर चुका जवळपास थांबल्या.

जोडनाव

मी जुळा आहे. माझा भाऊ चाचण्यांत भाग घेतो, मी एकदाच घ्यायला गेलो. त्या केंद्राची नोंदवही आडनाव, नावाचं पहिलं अक्षर आणि जन्मतारीख यावर चालायची. आमची दोघांची अक्षरंही एकच. मला सांगितलं, "तुम्ही तीन आठवड्यांपूर्वीच डोस घेतलाय." मी म्हटलं तो भाऊ. टेबलामागच्या बाईंनी मान वर न करता म्हटलं, "सगळे भावाचंच नाव सांगतात."

निरगाठताईंच्या गोष्टीतला माणूस खरंच भावाचं कार्ड घेऊन आला होता, मी खरंच भाऊ होतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतो. त्या दिवशी दालनात आणखी आठ-दहा जण बसले होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. पुन्हा गेलो नाही.

निरगाठ

जोडनाव, फार वाईट वाटलं वाचून. तुमच्या बाबतीत चूक दोन ठिकाणी झाली. नोंदवहीने जुळणारी नोंद दाखवली, ती 'तपासून बघा' अशी सूचना होती, निकाल नव्हता. आणि हे सगळं चारचौघांत बोलायला नको होतं.

कुलूपकिल्ली

तंत्राच्या बाजूने लिहितो. जोडनाव यांच्या बाबतीत जे झालं ते टाळायचं म्हणून बरेच जण लगेच बोटांचे ठसे किंवा बुबुळाचं स्कॅन सुचवतील. थांबा.

'हे कार्ड याच माणसाचं आहे का' हा प्रश्न वेगळा आणि 'हा माणूस नोंदवहीत कुठेही आहे का' हा वेगळा. पहिल्यात एकाशी एक ताडायचं असतं. दुसऱ्यात एकाला सगळ्यांशी. समजा एका ताडणीत चुकून जुळण्याची शक्यता लाखात एक आहे. ऐकायला छान वाटतं. पण नोंदवहीत एक लाख माणसं असतील तर प्रत्येक शोधात सरासरी एक निरपराध माणूस जुळून येणार. शिवाय हाताने कष्टाचं काम करणाऱ्यांच्या आणि वय झालेल्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, ठसा उमटतच नाही. चाचण्यांना येणाऱ्यांत अशी माणसं कमी नसतात. आणि पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

माझं मत असं: क्रमांक असलेलं सरकारी ओळखपत्र, समोर बसून फोटोशी चेहरा ताडणं, आणि नोंदवहीत फक्त त्या क्रमांकापासून बनवलेला सांकेतिक शब्द, ज्याला हॅश म्हणतात. मूळ क्रमांक ठेवायचाच नाही. पण यातही एक खाच आहे. 'आम्ही हॅश करून ठेवतो' एवढं कुणी सांगितलं तर समाधान मानू नका. बारा आकडी क्रमांक असेल तर शक्य असलेले सगळे क्रमांक एक लाख कोटी. मोठं वाटतं, पण एकेकाचा हॅश काढून जुळवत बसायचं म्हटलं तर चांगल्या ग्राफिक्स कार्डच्या संगणकाला ते तासाभराचंही काम नाही. यादी फुटली की सगळे क्रमांक उघडे. म्हणून हॅश करताना गुप्त किल्ली वापरायची आणि ती किल्ली नोंदवहीपासून वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसाच्या ताब्यात ठेवायची.

आणि उत्तर म्हणून केंद्राला काय दिसावं? 'अमुक तारखेपर्यंत पात्र नाही' एवढंच. कुठलं औषध, कुठलं केंद्र, काय आजार, काही नाही.

नाडीपरीक्षा

कुलूपकिल्ली, बाकी सगळं मान्य, शेवटच्या वाक्यावर मात्र आक्षेप आहे. माणूस वॉर्डात कोसळला तर मला आधीचं औषध कळायलाच हवं. 'पात्र नाही' घेऊन मी काय करू?

कुलूपकिल्ली

बरोबर, ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग दोन दारं ठेवू या. रोजच्या तपासणीला फक्त तारीख. आणीबाणीत आधीच्या केंद्राच्या ड्यूटी डॉक्टरशी संपर्क होईल अशी सोय, आणि ती कुणी, कधी, का वापरली याची पुसता न येणारी नोंद. औषधाचं नाव नोंदवहीत न ठेवता डॉक्टर ते डॉक्टर बोलतील.

नाडीपरीक्षा

चालेल. असं असतं तर १९८४ मध्येही... असो, ती तुलना ताणायला नको, तिथे आधीचं केंद्र नव्हतंच.

सहज विचारलं

ऑनलाइन सर्वेक्षणांतही हेच होतं का? एकच माणूस पाच खाती काढून उत्तरं देतो वगैरे?

आकडेमोड

होतं, आणि खूप होतं, पण तिथे बिघडतो तो विदा, माणूस नाही. म्हणून तिथे ओळखपत्र मागणं मला तरी जास्तीचं वाटतं. एकाच आयपी पत्त्यावरून आलेले प्रतिसाद बाजूला काढून तपासणं, मधेच लक्ष तपासणारे प्रश्न टाकणं, मानधन लगेच न देता पडताळून देणं, एवढ्यावर बरंच भागतं. एका घरातली चार माणसं एकाच आयपीवरून खरंच उत्तर देऊ शकतात, तेवढं भान ठेवायचं. धाग्याचा विषय वेगळा आहे, तिकडे वाहवत नको.

तिसरी घंटा

मला अजून एक विचारायचंय. ज्यांच्याकडे कागदपत्रंच नाहीत त्यांचं काय? आणि दुर्धर आजाराचा रुग्ण, एक चाचणी फसली म्हणून महिन्याभरात दुसरीकडे धाव घेतोय, त्यालाही याच चाळणीतून घालायचं?

निरगाठ

निरोगी माणसाला चाचणीतून बाहेर ठेवलं तर त्याचं मानधन जातं, प्रकृतीचं काही बिघडत नाही. त्यामुळे कागदपत्रं नसतील तर 'नाही' म्हणणं कठोर वाटलं तरी मी ते म्हणेन. ज्याची आधीची नोंद शोधताच येत नाही त्याला पहिल्यांदाच माणसात जाणारं औषध देण्याची माझी हिंमत नाही.

रुग्णाचं वेगळं. त्याच्यासाठी दुसरी चाचणी ही कदाचित शेवटची वाट असते. तिथे नोंदवहीने दार बंद करायचं नाही, फक्त डॉक्टरला सांगायचं की आधी असं असं झालंय. मग वॉशआउट किती ठेवायचा ते औषध आणि आजार बघून ठरवायचं. कर्करोगाच्या चाचण्यांत हे रोजच करतात, रुग्ण स्वतःच आधीच्या उपचारांची फाइल घेऊन येतो. लपवायची गरजच पडत नाही.

आणि हे लिहिताना मला जाणवतंय की फरक तिथेच आहे. त्या रुग्णाला खरं सांगून काही गमवावं लागत नाही.

रात्रपाळी

ताई, हेच मला सांगायचं होतं, शब्द सापडत नव्हते. आम्हाला खरं सांगून सगळंच गमवावं लागायचं. स्क्रीनिंगला येण्याजाण्याचं भाडं, बुडालेला दिवस, भत्ता, आणि पुढच्या वेळी त्या केंद्राचं दार. नोंदवही कितीही पक्की करा, माणूस दारापर्यंत खोटं घेऊनच येणार. त्याला दारापर्यंत यायच्या आधी कळायला हवं.

निरगाठ

कशा पद्धतीने, सांगाल? तुम्ही केंद्राच्या जागी असता तर?

रात्रपाळी

फोनवरच. नाव नोंदवायला फोन केला की क्रमांक घ्या, तपासा, आणि तेव्हाच सांगा: तुम्हाला अमुक तारखेनंतर येता येईल. मी दिवस बुडवून येणार नाही, तुमची सिस्टर माझ्या हातावर डाग शोधणार नाही. आलो आणि तरी काही निघालं, तर त्या दिवसाचा भत्ता द्या, हिमोग्लोबिन बघा, रिपोर्ट हातात द्या. घेरी आली तर 'खरं सांगितलंस तरी आजवरच्या दिवसांचे पैसे मिळतील' हे संमतिपत्रात ठळक लिहा आणि वाचून दाखवा. मी त्या चौथ्या दिवशी बोललो असतो. खात्रीने सांगतो, बोललो असतो.

तिसरी घंटा

'खरं सांगितल्यावर त्या दिवसापर्यंतचं मानधन मिळेल' हे कलम आमच्या कमिटीसमोर आजवर एकाही प्रस्तावात मी पाहिलेलं नाही. पुढच्या बैठकीत मी ते मागणार आहे. कुणाकडे नेमकी शब्दरचना असेल तर द्या, मला कायद्याची भाषा जमत नाही.

आकडेमोड

मला एक भीती वाटते. पैसे तरीही मिळणार म्हटल्यावर काही जण मुद्दामच येऊन चौथ्या दिवशी 'खरं' सांगतील.

निरगाठ

सांगतील काही जण. पण फोनवर आणि पुन्हा डोसच्या आधी अशी दोनदा नोंदवही बघितली तर इथवर पोहोचणारे थोडे उरतील. आणि जे पोहोचतील त्यांच्याबद्दल मला खरी माहिती मिळेल. एका घेरीचं कारण चुकीचं नोंदलं जाण्यापेक्षा मी चार दिवसांचं मानधन देईन.

तिसरी घंटा, शब्दरचना साधीच ठेवा, वकिली नको: "चाचणी चालू असताना आपण आधी न सांगितलेली औषधं किंवा चाचण्या यांची माहिती दिलीत, तर आपल्या सुरक्षेसाठी आपल्याला पुढचे डोस दिले जाणार नाहीत. तोपर्यंतच्या दिवसांचं मानधन आपल्याला मिळेल आणि आवश्यक त्या तपासण्या विनामूल्य केल्या जातील." यात 'खोटी माहिती' हे शब्द कुठेही येऊ देऊ नका. आमच्या संमतिपत्रात ते तीन वेळा होते.

जोडनाव

आणि जुळणी निघाली तर आधी आतल्या खोलीत बोलवा, एवढंही लिहा कुठेतरी.

तिसरी घंटा

लिहिते. दोन्ही उतरवून घेतलं.

रात्रपाळी

एक राहिलं. माझ्याकडे एक वही होती, अजून आहे. आत्ता कपाटातून काढून समोर ठेवलीय. प्रत्येक चाचणीचं एक पान. वर केंद्राचं नाव, खाली गोळीचा रंग, कारण नाव बऱ्याचदा लक्षात राहायचं नाही, किती वेळा रक्त दिलं त्याच्या उभ्या रेघा, आणि सगळ्यात खाली शेवटच्या डोसची तारीख, दोनदा अधोरेखित. ती चढलेली चाचणीही आहे. तिथेही तारीख खरीच लिहिलीय.

कुठल्या केंद्रात कुणी कधी विचारलं नाही, की तुम्ही स्वतः काही लिहून ठेवता का.